पोरीला नर्सिंगला घालायचंय? आधी एवढं विचारा



मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या बदलतात. एरवी शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं यासाठी पैसे मागितले जातात. मे-जूनमध्ये मात्र एखादी ताई हळूच म्हणते, "मला या खेपेला जरा जास्तीचे लागतील. पोरीला नर्सिंगला घालायचंय." सगळ्याजणींना बरं वाटतं. पोरगी शिकणार, पांढऱ्या कपड्यात दवाखान्यात उभी राहणार. कर्ज मंजूर होतं. पण "कोणत्या नर्सिंगला?" हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. आज आपण त्या एका प्रश्नाबद्दल बोलणार आहोत.

हा प्रश्न का विचारायचा, ते आधी सांगते. आमच्या भागातल्या एका मुलीने बारावीनंतर एक वर्षाचा कोर्स केला. पाटीवर नर्सिंग लिहिलेलं होतं, गणवेश होता, शेवटी लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेटही मिळालं. आईने गटातून कर्ज काढलं होतं आणि कानातलं गहाण ठेवलं होतं. मुलगी हुशार. एका छोट्या दवाखान्यात लागली, सलाईन लावायला शिकली, रात्रपाळ्या केल्या. मग जिल्हा परिषदेची आरोग्य सेविकांची जाहिरात आली. फॉर्म भरताना एक रकाना आला, नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. तो तिच्याकडे नव्हता आणि त्या सर्टिफिकेटवर कधीच मिळणार नव्हता. आईचे हप्ते मात्र पुढे दीड वर्ष चालू होते.

नर्स कुणाला म्हणायचं?

आपण दवाखान्यात जी जी मुलगी गणवेशात दिसेल तिला सिस्टर म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. आपल्या राज्यात १९६६ चा महाराष्ट्र नर्सेस ॲक्ट आहे. त्याखाली मुंबईला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, म्हणजे परिचर्या परिषद काम करते. जिचं नाव या कौन्सिलच्या नोंदवहीत आहे, ती नोंदणीकृत नर्स. डॉक्टरला जशी नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते, तशीच नर्सला ही नोंदणी लागते. सरकारी नोकरी, चांगलं मोठं हॉस्पिटल, पुढचं शिक्षण, परदेश, सगळीकडे पहिल्यांदा तोच क्रमांक विचारतात.

बारावीनंतर या नोंदणीपर्यंत नेणारे रस्ते तीनच आहेत. एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग. ही तीन नावं वहीत लिहून ठेवा. नर्सिंग असिस्टंट, बेडसाइड असिस्टंट, पेशंट केअर, सहा महिन्यांचं नर्सिंग, घरबसल्या नर्सिंग, अशा नावांचे कोर्स केले तर नर्स म्हणून नोंदणी होत नाही. एएनएम, जीएनएम आणि चार वर्षांचं बी.एस्सी. हे पत्राद्वारे होतच नाहीत. दवाखान्यात हात लावून शिकल्याशिवाय हे काम येत नाही, म्हणून तशी सोयच ठेवलेली नाही.

असिस्टंटचं काम कमी दर्जाचं आहे असं मी म्हणत नाही. रुग्णाला अंघोळ घालणं, कूस बदलणं, जेवण भरवणं हे मोलाचंच काम आहे. ज्या मुलीला लवकर कमवायचं आहे तिने ते जरूर शिकावं. पण त्याला जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणतात, आणि ते प्रशिक्षण दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेसारख्या सरकारी योजनांमधून फुकट दिलं गेलेलं आहे. जे फुकट मिळू शकतं, ते नर्सिंग म्हणून हजारो रुपयांना विकत घ्यायचं का, एवढाच प्रश्न आहे.

तीन रस्ते

पहिला एएनएम. हा दोन वर्षांचा कोर्स, त्यातले शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे. हा फक्त मुलींसाठी आणि बायांसाठी आहे. बारावी कोणत्याही शाखेतून चालते, आर्ट्सची मुलगीसुद्धा जाऊ शकते. वय किमान १७ आणि जास्तीत जास्त ३५. आपल्या उपकेंद्रातल्या नर्सताई, ज्यांना आपण आरोग्य सेविका म्हणतो, त्या एएनएम झालेल्या असतात. सपाट भागात साधारण ५,००० लोकवस्तीला आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, असा सरकारचा निकष आहे. लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, कुटुंब नियोजन, गावातले ताप-जुलाब ही त्यांची कामं. म्हणजे ज्या मुलीला गावातच राहून काम करायचं आहे, तिच्यासाठी हा रस्ता.

दुसरा जीएनएम. हा तीन वर्षांचा, त्यातही शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. सायन्सवाल्या मुलीला प्राधान्य, पण आर्ट्स-कॉमर्सलाही बंदी नाही. बारावीला किमान ४० टक्के हवेत आणि इंग्रजी विषय हवा. वयाची अट तीच, १७ ते ३५. मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात, ऑपरेशन थिएटरात, अतिदक्षता विभागात ज्या स्टाफ नर्स असतात, त्यांच्यातल्या पुष्कळजणी जीएनएम असतात. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं.

तिसरा बी.एस्सी. नर्सिंग. ही चार वर्षांची पदवी. बारावी सायन्स, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी. सायन्सच्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला ४० टक्के लागतात. आपल्या राज्यात प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते. परीक्षा आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. इथे एक गोष्ट कानात ठेवा. सीईटीचा फॉर्म बारावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच सुटतो. निकालानंतर चौकशीला निघालं तर वर्ष हातचं जातं. म्हणून ज्या घरात बारावी सायन्सची मुलगी आहे, तिथे दिवाळी झाली की याबद्दल बोलणं सुरू व्हायला हवं. एएनएम, जीएनएमचे प्रवेशाचे नियमही दरवर्षी निघणाऱ्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. मागच्या वर्षी कुणी काय केलं यावर जाऊ नका, त्या वर्षीची पुस्तिका वाचा.

सायन्सच्या मुलींसाठी आणखी एक दार आहे, ते फार कमीजणींना माहीत असतं. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात सैन्यदलाचं नर्सिंग कॉलेज आहे. तिथलं शिक्षण सरकारी खर्चाने होतं आणि पुढे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी म्हणून नेमणूक मिळते. त्यासाठी नीट परीक्षा द्यावी लागते आणि मुलगी अविवाहित असावी लागते. नोकरी करण्याचं बंधपत्रही लिहून द्यावं लागतं.

कुणी कोणता रस्ता घ्यावा?

मुलगी सायन्सची असेल, मार्क बरे असतील आणि घराला चार वर्षं धीर धरता येत असेल, तर बी.एस्सी. पाहा. कारण जीएनएम झालेल्या मुलीला पुढे पदवी हवी असेल तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं. तीन आणि दोन मिळून पाच वर्षं होतात. थेट बी.एस्सी. चारच वर्षांत होतं. पुढे शिकवायचं असेल, एम.एस्सी. करायची असेल, तर पदवी लागतेच.

पण घरची परिस्थिती अशी असेल की तीन वर्षांनी पगार सुरू झालाच पाहिजे, तर जीएनएम चुकीचं नाही. नोकरी करता करता नंतर पोस्ट बेसिक करणाऱ्या पुष्कळजणी आहेत. आर्ट्सच्या मुलीला एएनएम आणि जीएनएम दोन्ही उघडे आहेत. एएनएम होऊन नोंदणी झालेल्या बाईलाही पुढे जीएनएमला प्रवेश घेता येतो. म्हणजे हा जिना आहे. पहिल्या पायरीवर पाय ठेवला म्हणून तिथेच राहावं लागत नाही. फक्त प्रत्येक पायरी मान्यताप्राप्त असली पाहिजे. एक पायरी खोटी निघाली तर वर चढता येत नाही.

आता मुलींचं झालं, सुनांचं काय? आपल्या गटात पंचवीस-तिशीच्या कितीतरी जणी आहेत, ज्यांचं बारावीनंतर लगेच लग्न झालं. एएनएम आणि जीएनएमला वयाची अट ३५ पर्यंत आहे. लग्न झालेल्या बाईला प्रवेश नाही असं पात्रतेच्या नियमात कुठेही लिहिलेलं नाही. अडचण नियमाची नसते, घराची असते. हॉस्टेलला राहावं लागेल का, मूल कोण सांभाळेल, दोन वर्षं कमाई बंद राहील ती कशी भरून काढायची, हे प्रश्न खरे आहेत आणि ते सासू, नवरा आणि ती अशा तिघांनी एकत्र बसून सोडवायचे आहेत. गटाच्या चार जणी सोबत गेल्या तर ते बोलणं सोपं होतं.

जी दहावीवर थांबली, तिने आधी बारावी करावी. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून आर्ट्सची बारावी देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, हाही सरकारी मान्यतेचा मार्ग आहे. इंग्रजी विषय सोडू नका. तो सुटला की जीएनएमचं दार बंद होतं.

कॉलेज कसं तपासायचं?

कॉलेजची इमारत, रंगीत पुस्तिका, मोठा फोटो याला भुलू नका. आधी तीन कागद मागा. पहिला, राज्य सरकारची परवानगी. दुसरा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता. तिसरा, परीक्षा घेणाऱ्या संस्थेशी संलग्नता, म्हणजे एएनएम-जीएनएमसाठी मंडळाची आणि बी.एस्सी.साठी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. कागदावर याच कॉलेजचं नाव आहे का, याच कोर्सचं नाव आहे का, जागा किती आहेत आणि वर्ष कोणतं आहे, हे वाचा. एखाद्या कॉलेजला एएनएमची मान्यता असते आणि जीएनएम नुसतंच पाटीवर असतं. मान्यता ३० जागांची असते आणि प्रवेश ५० मुलींना दिलेला असतो. मग वरच्या २० जणींचं काय होणार? कॉलेजने दाखवलेल्या झेरॉक्सवरही थांबू नका. कौन्सिल, मंडळ आणि विद्यापीठ यांच्या संकेतस्थळांवर मान्य संस्थांच्या याद्या असतात. गावातल्या सेवा केंद्रात बसून दहा मिनिटांत ते पाहता येतं.

कागद बरोबर निघाले की हॉस्पिटल पाहा. नर्सिंगचं अर्धं शिक्षण वॉर्डात होतं. एका विद्यार्थिनीमागे किमान तीन रुग्ण असावेत, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. म्हणून कॉलेजला विचारा, मुली कोणत्या हॉस्पिटलला जातात? ते कॉलेजचं स्वतःचं आहे की दुसऱ्याचं? किती खाटा आहेत? मग त्या हॉस्पिटलला स्वतः जाऊन या. खाटा भरलेल्या आहेत की रिकाम्या? बाळंतपणं होतात का? मुली तिथे खरोखर दिसतात का? शिकणाऱ्या मुलीला ठराविक संख्येने बाळंतपणं स्वतःच्या हातांनी करून वहीत नोंदवावी लागतात. जिथे रुग्णच नाहीत, तिथे मुली एकमेकींच्या वह्या उतरवून काढतात. वही भरते, हात रिकामाच राहतो. अशी मुलगी उद्या उपकेंद्रात एकटी असेल आणि समोर रक्तस्राव होणारी बाई येईल, तेव्हा ती वही कुणाच्याही कामाची नाही. ती बाई आपल्यातलीच कुणीतरी असणार, हे विसरू नका.

शक्य झालं तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी एकट्याने बोला. परीक्षा वेळेवर झाल्या का? शिकवायला बाई टिकतात का? रात्री हॉस्टेलला कोण असतं? पाणी, संडास नीट आहे का? या चार प्रश्नांची उत्तरं ऑफिसात मिळत नाहीत, मुलींकडून मिळतात.

एजंट आणि परराज्यातलं कॉलेज

निकालाच्या दिवसांत गावात एजंट फिरतात. "शेजारच्या राज्यात ॲडमिशन करून देतो, हजर राहायची गरज नाही, नुसतं परीक्षेला जायचं," असं सांगतात. हे वाक्य ऐकलं की चहा पाजून त्यांना वाटेला लावा. नर्सिंगला थिअरीची ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिक तर शंभर टक्के पूर्ण करावं लागतं. हजेरीशिवायचं नर्सिंग असं काही नसतं.

मध्य प्रदेशात काय झालं ते वर्तमानपत्रांत आलेलं आहे. तिथल्या नर्सिंग कॉलेजांविषयी इतक्या तक्रारी झाल्या की उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयला कॉलेजं तपासावी लागली. अनेक कॉलेजं निकषांत बसली नाहीत. कॉलेजं चालवणाऱ्यांचं जे व्हायचं ते झालं, पण मुलामुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. फी भरलेली आणि वयही पुढे गेलेलं, पण हातात काहीच नाही. परराज्यातली सगळी कॉलेजं वाईट असतात असं नाही. केरळ, कर्नाटकात जुनी, नावाजलेली कॉलेजं आहेत. पण तिथे शिकलं तर आधी त्या राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी होते आणि मग ती महाराष्ट्रात आणण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. लांबचं कॉलेज आपण जाऊन पाहूही शकत नाही. म्हणून जवळ सोय असेल तर जवळच पाहावं.

पैसे कुठून आणि किती?

सगळ्यात आधी सरकारी कॉलेज. जिल्हा रुग्णालयाला, वैद्यकीय महाविद्यालयाला किंवा महापालिकेच्या रुग्णालयाला जोडलेली नर्सिंग विद्यालयं असतात. फी कमी, रुग्ण भरपूर. जागा थोड्या असतात, म्हणून फॉर्म भरायचा तो पहिला तिथला.

खासगी कॉलेज असेल तर दोन गोष्टी बघा. बी.एस्सी. नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि जाहीर करतं. त्याहून जास्त मागितले किंवा पावती नाही म्हणाले, तर ती देणगी झाली आणि देणगी घेण्याला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. दुसरी गोष्ट, प्रवेश कोणत्या मार्गाने होतोय. २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींसाठी मोठी सवलत दिली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी या गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ होते. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंटच्या जागेवर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत मिळत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठंही यातून वगळलेली आहेत. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर करायचा.

यासाठी कागद आधीपासून तयार ठेवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागत असेल तर नॉन-क्रीमीलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. यातलं जात वैधता प्रमाणपत्र सगळ्यात वेळ खातं. मुलगी अकरावीत गेली की त्याच्या मागे लागा.

फी माफ झाली तरी हॉस्टेल, खाणावळ, पुस्तकं, गणवेश, येणं-जाणं हा खर्च राहतोच. समाजकल्याणची आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. अनुसूचित जातीच्या मुलींना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे.

आता कर्जाचं बोलू. आपल्या गटात महिन्याला दोन टक्के व्याज असेल तर ६०,००० रुपयांवर महिन्याला १,२०० रुपये नुसतं व्याज होतं. मुद्दल फिटलं नाही तर तीन वर्षांत ४३,२०० रुपये व्याजातच जातात. मुलगी अजून शिकत असते आणि आईचे हप्ते पहिल्या महिन्यापासून सुरू होतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जाची तऱ्हा वेगळी आहे. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही, आणि कोर्स संपून साधारण एक वर्ष झाल्यावर हप्ते सुरू होतात. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. म्हणून फीसाठी बँक आणि फॉर्म, दाखले, प्रवास, गणवेश अशा छोट्या खर्चासाठी गट, अशी वाटणी बरी पडते. यात आणखी एक फायदा आहे. बँक कर्ज देण्याआधी कॉलेजची मान्यता बघते. बँकेने "या कोर्सला कर्ज बसत नाही" म्हटलं, तर गटानेही तिथे थांबून कारण विचारावं.

पास झाल्यावर

शेवटची परीक्षा पास झाली म्हणजे मुलगी नर्स झाली, असं नाही. गुणपत्रकं, कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, आधार, फोटो जोडून कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करायचा. नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं की मग ती कायद्याने नर्स. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्यासाठी मधल्या काळात कार्यशाळांना हजर राहून ज्ञान ताजं ठेवल्याचे पुरावेही लागतात. लग्नानंतर नोकरी सोडली तरी नूतनीकरण सोडू नका. पाच-सहा वर्षांनी पुन्हा कामाला लागायचं झालं तर तोच क्रमांक कामाला येतो.

नावाची भानगड इथेच होते. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, लग्नानंतर रेशनकार्डवर तिसरंच नाव. प्रवेशाच्या वेळी दहावी-बारावीवर जे नाव आहे तेच सगळीकडे ठेवा. लग्नानंतर नाव बदलायचंच असेल तर राजपत्रात छापून घ्या आणि ते सगळीकडे जोडा.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आहे. त्यात देशभराची एक ऑनलाइन नोंदवही ठेवायची तरतूद आहे. पुढे संस्थांची नावं बदलतील, पण नोंदणीची गरज राहणारच आहे.

एक सावधगिरी. काही ठिकाणी मुलीचे मूळ कागद अडकवून ठेवतात, किंवा "पास झाल्यावर आमच्याच दवाखान्यात इतकी वर्षं काम करायचं" असं लिहून घेतात. खासगी संस्थांच्या अशा बंधपत्रांविरुद्ध भारतीय परिचर्या परिषदेने परिपत्रक काढलेलं आहे. मूळ कागद दाखवावे, तपासून झाले की परत घ्यावेत, झेरॉक्स द्यावी. कोऱ्या कागदावर सही करू नये.

पगाराचंही स्पष्ट सांगते. सरकारी कायम नोकरी मिळाली तर पगार चांगला, पण जागा कमी आणि स्पर्धा मोठी. कंत्राटी जागाही असतात. खासगी दवाखान्यांत पगार कमी देतात, ही तक्रार जुनी आहे. नर्सेसची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०१६ साली न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्र सरकारने समिती नेमली. ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सचा पगार महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावा, अशी शिफारस त्या समितीने केली. सगळीकडे ती पाळली जाते असं नाही. पण मुलीला हा आकडा माहीत असावा. मुलाखतीला बसताना तो उपयोगी पडतो. आणि तो मागायचा हक्क नोंदणी असलेल्या नर्सलाच पोहोचतो.

कामाचीही कल्पना मुलीला आधी द्या. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या असतात. दिवाळीलाही ड्युटी असते. रक्त, उलटी, मृत्यू हे रोजचं असतं. आपल्या गावच्या नर्सताईंना विचारून एक दिवस मुलीला लसीकरणाच्या सत्राला बसवा. तिला आवडतंय की आई म्हणते म्हणून ती हो म्हणतेय, ते संध्याकाळपर्यंत कळेल. नको म्हणाली तर ऐका. फी भरण्याआधी आलेला नकार आपल्याला स्वस्तात पडतो.

गटाच्या रजिस्टरला लावून ठेवा

नर्सिंगसाठी कर्जाची मागणी आली की या पाच प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या आणि मगच ठराव करा.

एक, कोर्स एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. या तिघांपैकी कोणता?
दोन, कॉलेजचं नाव कौन्सिल आणि मंडळ किंवा विद्यापीठाच्या यादीत कुणी पाहिलं आणि कोणत्या तारखेला?
तीन, मुली कोणत्या हॉस्पिटलला शिकतात आणि घरचं कुणी ते पाहून आलं का?
चार, प्रवेश कॅप राउंडमधून आहे का, आणि फी-सवलतीचा अर्ज भरला का?
पाच, बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी झाली का?

ज्या ताईने अजून चौकशी केलेली नाही, तिला नाही म्हणू नका. तिच्यासोबत एक लिहिती-वाचती सदस्य द्या, सेवा केंद्रात पाठवा, तालुक्याला पाठवा. गावच्या आशाताई आणि उपकेंद्रातल्या नर्सताई यांना पुढच्या बैठकीला बोलवा. बसभाडं गटाच्या खर्चातून टाका. आणि त्याच बैठकीत आणखी एक करा. गटात बारावी झालेल्या, ३५ च्या आतल्या किती जणी आहेत ते मोजा आणि नावं लिहून काढा. पोरींच्या कोर्सबद्दल बोलताना एखाद्या सुनेचंही नाव त्या यादीत निघेल.